कुड्याच्या सालीची परीक्षा

डॉक्टरेटच्या तोंडी परीक्षेत गोदूबाईंच्या सुनेने कुड्याच्या झाडाच्या सालीतल्या अल्कलॉइडची, म्हणजे औषधी द्रव्याची, रेणुरचना फळ्यावर काढली. चहाचा थर्मास घेऊन मागे बसलेल्या गोदूबाईंना ती एकमेकींना चिकटलेल्या पाच चकल्यांसारखी दिसली.

“सालीतून अल्कलॉइड निघालंच असेल, तर टॅनिन टाकून साका पाडून दाखवा, मग डॉक्टरेट तुमची,” परीक्षक म्हणाले. सुनेने टॅनिनची बाटली उपडी केली, तर ती रिकामी!

“अगं, माझ्या कोऱ्या चहात नुसतं टॅनिन असतं म्हणून रोज नाक मुरडतेस ना?” गोदूबाई कडाडल्या. “मग ओत की!”

सुनेने सालीच्या अर्कात चहाचे चार थेंब टाकले. अर्क गढुळला आणि तळाशी साका बसला.

परीक्षकांनी पेन उघडलं. “कोणतं रसायन वापरलं म्हणून लिहू?”

“सासूबाईंचा चहा,” सून पुटपुटली.

“वीस मिनिटं उकळलेला,” गोदूबाईंनी दुरुस्ती केली. “नुसता चहा काय, कोणीही करतं.”