डावी बाही

"त्या शेवटच्या ठीक कधी होत्या?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"रात्री," नवरा म्हणाला. "झोपताना अगदी ठीक होती."

"आणि आज सकाळी?"

"सकाळी होती की घरातच."

त्याची बायको स्ट्रेचरवर डोळे मिटून पडली होती. तोंड एका बाजूला ओघळलेलं, डावा हात निपचित. घराजवळच्या दवाखान्यात 'दगदग झालीय, झोपू द्या' म्हणून परत पाठवलं होतं, त्यात वेळ गेला तो गेलाच. आता स्कॅन समोर होता. मेंदूत रक्तस्राव नव्हता, म्हणजे गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता आलं असतं. पण ते सुरुवातीपासून साडेचार तासांच्या आत द्यायचं, आणि सुरुवात कधी झाली हे स्कॅन सांगत नव्हता. रात्रीपासून मोजलं तर वेळ केव्हाच टळली होती.

या डॉक्टरीणबाईंना वॉर्डातल्या सिस्टर पाठीमागे चौकशीबाई म्हणत, आणि ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. एका गोष्टीचं कुतूहल त्यांना फार दिवस स्वस्थ बसू देत नव्हतं. पुरुष पेशंट आला की त्याची बायको धडाधड सांगे: दाढी करताना गाल सुटला, चहाचा दुसरा घोट ओघळला, तेव्हा बातम्या नुकत्याच लागल्या होत्या. बाई पेशंट आली की सोबतचे पुरुष एकमेकांकडे बघत. माया नसते म्हणावं तर तसंही नाही. हा माणूस स्ट्रेचरचा दांडा केव्हापासून सोडत नव्हता. मग एका घरात राहून यांना दिसतं तरी काय?

"घरात आणखी कोण असतं?"

"मुलगा. पण तो साडेआठलाच कामावर पळतो, त्याला काय माहीत?" असं म्हणत नवरा पाठ फिरवून बायकोच्या पायावरची चादर सारखी करायला वाकला.

चौकशीबाई त्याच्या पाठीकडे बघत राहिल्या. शर्टाची उजवी बाजू कडक इस्त्रीची होती. डावी बाजू आणि डावी बाही पार चुरगळलेली.

"या शर्टाला इस्त्री कोणी केली?"

"हिनंच, सकाळी. मी म्हटलंसुद्धा, ही काय अर्धवट इस्त्री? तर म्हणाली, झाली की सगळी."

"तेव्हा त्यांचा चेहरा कसा दिसत होता?"

नवरा आठवू लागला.

"मी शर्टाकडे बघत होतो," तो हळूच म्हणाला, आणि मग त्याला मान वर करवेना.

चौकशीबाईंना त्याला धीर द्यायला सवड नव्हती. इस्त्री करता करताच बाईंची डावी बाजू हरवली होती. डोळे शाबूत, पण मेंदू तिकडे बघायचंच विसरला होता. "याच्या आधी कशाला इस्त्री केली?"

"मुलाच्या शर्टाला. त्याचा मान नेहमी पहिला."

त्यांनी मुलाला फोन लावला. "तुमच्या शर्टाच्या डाव्या बाहीला इस्त्री आहे का?"

कोणी थट्टा करतंय असं वाटून मुलगा आधी भडकलाच. कोण, कुठून, हे कळल्यावर त्यानं बाही बघितली. "आहे. पण आई कशी होती ते... मी मोबाईलमध्ये होतो हो, लक्षच नव्हतं. थांबा, थांबा! त्याच बाहीचं बटण सैल होतं. आईनं उभ्या उभ्या सुईत दोरा ओवला, अंगावरच बटण लावलं. म्हणाली, हलू नकोस, टोचेल. मी लगेच निघालो."

म्हणजे साडेआठपर्यंत बाई ठीक होत्या. भिंतीवरच्या घड्याळात सव्वाअकरा होत होते. सिस्टर इंजेक्शनची तयारी करायला आधीच धावली होती.

औषध थेंबाथेंबानं जात राहिलं. नवरा पलंगाच्या डाव्या बाजूला स्टुलावर बसला होता. बऱ्याच वेळानं बायकोनं डोळे उघडले आणि उजवीकडच्या भिंतीकडे बघत जड जिभेनं विचारलं, "हे कुठे गेले?"

"इथेच आहे मी," तो गडबडीनं तिकडे जायला उठला. चौकशीबाईंनी त्याला हातानं खाली बसवलं. "तिथेच बसा. बोलत राहा, त्यांना या बाजूला वळू द्या."

मग तो घरातलं सांगत सुटला: इस्त्रीचं बटण बंद केलंय, दाराला कुलूप लावलंय, मुलगा निघालाय. बायकोची मान आवाजाच्या दिशेनं हळूहळू वळू लागली. मध्येच अडली, पुन्हा वळली. नजर पलंगाच्या कडेवर आली, तिथून त्याच्या बाहीवर, आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"असेच आलात चारचौघांत?"

त्याला हसू फुटलं, डोळेही भरून आले. डोळे न पुसताच तो तिच्या चेहऱ्याकडे बघत बसला.

"माझ्या तोंडाकडे काय बघताय?" ती म्हणाली. "बाही बघा."