हातगडच्या वळणावर

द्राक्षांच्या मांडवाखाली दुपारची भाकरी सोडता सोडता तानूबाई म्हणाली, "वहिनीला मी नाय म्हणून सांगितलं."

फुलाबाईचा घास हातातच राहिला.

वहिनी म्हणजे मालकाची सून, तेजस्विनी. बागेच्या कडेला तिनं पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या होत्या. नाशिक-मुंबईची माणसं सुट्टीला तिथं येऊन राहत. मध्ये एकदा तिनं तानूबाईच्या हातची नागलीची भाकरी खाल्ली, आणि आज सकाळी तिला बोलावून घेतलं. बारमाही स्वयंपाकाचं काम, राहायला खोली. बाई मात्र एकच हवी होती.

"नाय कशाला म्हणलीस?"

"आपलं ठरलंय ना."

ठरलं होतं खरं. सुरगाण्याकडच्या या दोघी दर हंगामाला दिंडोरीच्या बागांत मजुरीला यायच्या, आणि दर हंगामात त्यांचं हॉटेल बोलण्या-बोलण्यातच थोडं थोडं वाढायचं. हातगडच्या वळणावर, सापुताऱ्याला जाणाऱ्या गाड्या थांबतात तिथं. तानूबाईनं भाकऱ्या थापायच्या, फुलाबाईनं गिऱ्हाईक बघायचं. आधी नुसतं छप्पर होतं. मग बाकडी आली, उडदाची डाळ आली, आणि यंदा तर फुलाबाईनं दारात झेंडूही लावून टाकला होता. ती जागा कोणाची, हे दोघींनी कधी कोणाला विचारलं नव्हतं.

फुलाबाईनं तानूच्या गुडघ्यांकडं पाहिलं. यंदा सुजेनं ते भरून आले होते. सकाळी जीपमध्ये चढताना तिला खालून रेटावं लागायचं. पुढच्या हंगामाला मुकादम तिला गाडीत घेणार नाही, हे टोळीतल्या सगळ्यांना दिसत होतं.

"तानू, एक सांगू?" फुलाबाई म्हणाली. "मला नाय करायचं ते हॉटेल."

तानूबाईनं हातातली भाकरी खाली ठेवली.

"चुलीच्या धुरानं डोळे जातात माझे. गिऱ्हाइकाशी गोड कोण बोलंल दिवसभर? तुला बरं वाटायचं, म्हणून मी आपली हो ला हो करत व्हते."

"यवढी वर्सं?"

"यवढी वर्सं."

तानूबाईनं उरलेली भाकरी फडक्यात गुंडाळली. गाठ मारायला तिला बराच वेळ लागला. मग फुलाबाईकडं न बघता ती म्हणाली, "माझं बोचकं तूच बांधून दे. मला नीट बांधता येत नाय."

हंगाम संपला. टोळीला गावाकडं न्यायला जीप आली, तशी फुलाबाई बोचकं डोक्यावर घेऊन तानूला खोलीपर्यंत पोचवायला गेली. खोली चांगली होती. पंखा होता, खिडकी होती. तानूबाई खाटेवर हात फिरवत बसली. फुलाबाईनं बोचकं खाटेखाली सरकवलं आणि ती बाहेर आली.

बाहेर ओट्याशी तेजस्विनी उभी होती. "मावशी, काळजी करू नका. आम्ही नीट सांभाळू त्यांना."

फुलाबाईनं मान हलवली. जीपचा हॉर्न वाजला. ती चार पावलं गेली आणि परत आली.

"वहिनी, तिच्याशी बोलाल तर उजव्या अंगाला ऱ्हावून बोला. डाव्या कानानं तिला ऐकू येत नाय." पदरानं तोंड पुसून ती हळूच म्हणाली, "ती सांगायची नाय. नुसती हसंल."