मेघवीराचा शेला

"ऐकू न येणारी पोरगी नवी मेघवीर होणार? मग लोकांच्या हाका ऐकणार कोण?" दिघे तावातावाने म्हणाले. निम्म्या सभागृहाने टाळ्या वाजवल्या, निम्म्याने आरडाओरडा केला. कॉमिक्सवेड्यांच्या या मेळाव्यात त्यांच्या लाडक्या नायकाचा, मेघवीराचा लाल शेला ज्याच्या खांद्यावर, त्यानेच बोलायचं असा रिवाज होता. "मी तर नवा अंक हातातही धरणार नाही," असं बजावून दिघ्यांनी शेला पुढे दिला.

मागच्या रांगेतल्या एका बाईंनी तो खांद्यावर घेतला आणि पिशवीतून प्लास्टिकमध्ये बंद असलेला नवा अंक काढला.

"माझ्या राहीलाही ऐकू यायचं नाही. मेघवीर आता तिच्यासारखीच होणार हे कळल्यापासून ती दवाखान्यातसुद्धा पाठीला चादर बांधून बसायची. अंक यायच्या आधीच गेली. मला हा उघडवत नाही. कुणी वाचून दाखवाल?"

शेवटी दिघेच आले. त्यांनी प्लास्टिक फाडलं, घसा खाकरला आणि वाचायला सुरुवात केली.

बाई शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे वळल्या, आणि त्यांचे हात एकेक वाक्य खुणांनी सांगू लागले.