अठ्ठ्याऐंशी अंश

लतिकाने कॉफीच्या कपाचं झाकण काढलं आणि पर्समधला स्वयंपाकाचा थर्मामीटर आत सोडला. दुसऱ्या हातात मोबाइल, त्यावर व्हिडिओ चालू. आकडा चढत चढत अठ्ठ्याऐंशीवर थांबला, तसा तिने तो मराठीत मोठ्याने वाचला. लखनौमधल्या हजरतगंजच्या त्या बर्गरच्या दुकानातली गिऱ्हाइकं माना वळवून बघू लागली.

"काकू, प्लीज, आत बसून बोलू या ना." मॅनेजर ऋषभ गोगटे धावत आला. आधीच्या मॅनेजरची बदली झाल्यावर तो कालच कानपूरहून इथे रुजू झाला होता. बाई मराठी निघाल्या म्हणून त्याला जरा धीर आला.

केबिनमध्ये लतिका बसली नाही. दाराशीच उभी राहून सारखी मोबाइल बघत होती.

"परवाच्या प्रकाराबद्दल ना?" ऋषभने विचारलं. परवा कॉलेजातल्या एका मुलीच्या मांडीवर इथलीच कॉफी सांडली होती. कातडी सोलवटून निघाली होती. "मुलगी कशी आहे आता?"

"जेवत नाही. रात्री दचकून उठते."

ऋषभने मान खाली घातली. "काउंटरवरच्या पोरीची चूक, काकू. झाकण नीट लावलं नाही. तिला काढलंय आम्ही. पोलिसांत नावही दिलंय."

"आणि कॉफी इतकी उकळती कुणी ठेवली?"

त्याने टेबलावरचे कागद सारखे केले.

"मला भरपाई नको. खरं काय ते सांगा. नाहीतर हा व्हिडिओ अन्न विभागाकडे जाईल."

"ऊपर से ऑर्डर है," शेवटी तो हळूच म्हणाला. "मशीन पंचाण्णववरच ठेवायचं. सकाळची कॉफी दुपारपर्यंत खपवतात. चटका बसला की शिळी चव जिभेला कळत नाही. झाकणंही नव्या ठेकेदाराची, धड बसतच नाहीत. काउंटरवरची माणसं काय करणार?"

"हेच लिहून द्या."

कपाळ पुसत त्याने लिहिलं. सही केली, शिक्का मारला. भरपाईवाचून मिटतंय, याचंच त्याला हायसं वाटत होतं.

"मुलीला सांगा, आम्हाला खरंच वाईट वाटतंय."

लतिकाने कागदाचा फोटो काढून पाठवला आणि लगेच नवऱ्याला फोन लावला.

"अहो, लिहून मिळालं. इन्स्पेक्टर साहेबांना दाखवा, आणि सकाळपासून चौकीत बसवलेल्या आपल्या पोरीला घरी आणा."