दीड वर्षाचं बाळ

"घरात लहान मूल आहे का?" विक्रेत्याने विचारलं, आणि विनिताने थकल्या सुरात हो म्हणून टाकलं. तिसरं दुकान होतं. गालिचा, सोफा, डाग, वास, सगळं तिसऱ्यांदा सांगून झालं होतं. खरं कारण मात्र तिने कुठेच सांगितलं नव्हतं. ते तिच्या मागेच स्टुलावर बसलं होतं. तिचे सासरे नाना, निवृत्त मुख्याध्यापक, ज्यांना आताशा बाथरूमपर्यंत वेळेत पोचणं जमत नसे.

"मग हे वाफेने सोफा-गालिचा धुणारं मशीन घ्या, हलकं आहे. बाळ केवढं?"

"दीड वर्षाचं."

त्याने मशीनबरोबर बाळासाठी म्हणून एक खुळखुळाही काउंटरवर ठेवला. विनिताची मान खाली गेली. नानांना ऐकू कमी येतं, असं ती स्वतःला समजावत राहिली.

नाना काठी टेकत पुढे आले. "धुतल्यावर सोफा वाळायला किती वेळ लागतो?"

"तीनेक तास, आजोबा."

"हरकत नाही," नाना म्हणाले. "तेवढा वेळ बाळ लाकडी खुर्चीवर बसेल."

आणि खुळखुळा उचलून त्यांनी स्वतःच्या सदऱ्याच्या खिशात टाकला.