गुलाबी पट्टी

सरकारी दवाखान्याच्या रेकॉर्ड रूममध्ये वळ गावाहून धोंडूबाई लेकीच्या जन्माचा कागद शोधायला आल्या होत्या. विनिताच्या संगणकाने जन्मतारीख मागितली, तशा त्या म्हणाल्या, “शाळेत मास्तरांनी सगळ्यांसारखी एक जून लिवली, बाय. लेकीला खरी तारीख पायजे.” विनिताने कीबोर्ड बाजूला सारला. दवाखान्याला सुतळी कधी वेळेवर मिळालीच नाही, म्हणून प्रत्येक सालचे केसपेपर शेजारच्या लूम कारखान्यात त्या साली निघणाऱ्या रंगाच्या कापडाच्या पट्टीने बांधलेले. “मावशी, तेव्हा लूमवर रंग कुठला होता?” “गुलाबी! आमचं मालक, लेकीचा बा, शेजारीच लूमवर कामाला. लेकीला बघाया आलं, तं सुताच्या तुसानं मिशासुद्धा गुलाबी!” गुलाबी गठ्ठ्यात कागद सापडला. धोंडूबाईंनी तारखेकडे पाहिलंच नाही. पट्टी कुरवाळत राहिल्या. “मालक गेलं, लूम भंगारात गेला. त्यांच्या हातचं घरात काय बी न्हाय बग.” विनिताने पट्टी सोडून त्यांच्या हातात ठेवली आणि गठ्ठा स्वतःच्या ओळखपत्राच्या फितीने बांधला.