मूळ प्रतीची पडताळणी

“या वह्या कोऱ्या आहेत,” छाननीचे साहेब म्हणाले.

“कोऱ्या नाहीत, ब्रेलमध्ये आहेत,” बाई म्हणाल्या. “आणि त्यांच्यावर फाइल ठेवू नका. ठिपके बसतात, मग वाचता येत नाहीत.”

साहेबांनी फाइल उचलली. ती ठेवल्याचं न बघता यांना कळलं कसं, हे विचारायचं त्यांनी टाळलं.

टेबलावर तीन वर्षांचे तीन हजेरीपट होते, जाड कागदाचे, फुगलेले. मोठेपणी दृष्टी गेलेल्या अकरा माणसांचा वर्ग बाई चालवत. त्या स्वतः जन्मापासून अंध. वर्गाची जागा महिनाअखेर जाणार होती. सरकारी अनुदान मिळालं तर वर्ग दुसरीकडे भरणार होता, नाहीतर अकराही जण पुन्हा आपापल्या घरी, आपापल्या खाटेवर. अर्ज घेण्याचा आज शेवटचा दिवस होता. अर्जासोबतच्या अठरा कागदांपैकी सतरा बाहेरच्या टेबलावर तपासून झाले होते. अठरावा हा.

“टाइप केलेली नक्कल जोडलीये की,” बाईंच्या वहिनी म्हणाल्या. “ताई वाचत होत्या, मी टाइप करत होते. दोन महिने. माझ्या मानेला विचारा.”

“नियम साधा आहे,” साहेब म्हणाले. “मी मूळ प्रत बघायची, नक्कल बघायची, दोन्ही जुळल्या की शिक्का मारायचा. मूळ प्रत मला वाचताच येत नसेल, तर जुळवू काय?”

“खरं आहे,” बाई म्हणाल्या. “मग असं करा. एक तारीख तुम्ही सांगा. मी वाचते, तुम्ही नक्कल बघा.”

साहेबांनी टेबलावरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. “आजचीच. गेल्या वर्षीची.”

बाईंनी शेवटची वही ओढली आणि कोपऱ्यातल्या तारखा चाचपत पानं उलटली. एका पानावर त्यांचं बोट थांबलं, गरजेपेक्षा थोडं जास्त. मग त्यांनी अकरा नावं वाचली. शिंपी गैरहजर, ताप. भूगोलाचे मास्तर गैरहजर, मुलीकडे गेले. बाकी नऊ हजर.

नक्कल तंतोतंत जुळली.

“पाठ असेल,” साहेब म्हणाले.

“तीन वर्षांचं?” वहिनी म्हणाल्या. “यांना माझा वाढदिवस पाठ होत नाही.”

“वहिनी, थांबा जरा.” बाई साहेबांकडे वळल्या. “तुमची शंका बरोबर आहे. एकाच माणसानं दोनदा मोजलं तर ती पडताळणी होत नाही. दुसरा माणूस हवा. तुमच्या टेलिफोनवर जे बसतात, त्यांना बोलवा.”

“आमच्या ऑपरेटरना? पण ते तर...”

“हो, अंध आहेत. माझा निरोप लिहून घेतात तेव्हा टकटक ऐकू येते. ब्रेल टोचून लिहिताना तसा आवाज होतो.”

साहेब त्या कार्यालयात बारा वर्षं होते. ऑपरेटर निरोप लिहितात कसे, हे त्यांच्या कधी मनात आलं नव्हतं.

ऑपरेटर आले. चौकटीला हात लावून सरळ टेबलापाशी येऊन थांबले.

“या बाईंना ओळखता?” साहेबांनी विचारलं.

“बोलू द्या की त्यांना जरा.”

“नमस्कार,” बाई म्हणाल्या.

“ओळखतो. महिन्यातून चारदा फोन असतो. तुम्ही जागेवर नसता.”

“आणि यांच्या वह्या? त्या कधी पाहिल्यात?”

“फोनवरून कशा दिसणार, साहेब?”

साहेबांनी ते पान त्यांच्या हाताखाली सरकवलं आणि बाकीच्यांना गप्प बसायला सांगितलं. ऑपरेटरांचं बोट बाईंपेक्षा भरभर चाललं. अकरा नावं. ताप. मुलीकडे गेले. नऊ हजर. साहेब नकलेवर पेन्सिलीनं खुणा करत गेले. अकरावी खूण झाली, तशी त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

“पुढे आहे अजून,” ऑपरेटर म्हणाले. “शेरा आहे.”

“नकलेत शेरा नाही.”

“अर्जात शेरे मागितले नव्हते,” बाई म्हणाल्या. “राहू दे तो.”

“राहू दे कसा? मूळ प्रत म्हणजे सगळी प्रत,” साहेब म्हणाले. “वाचा.”

ऑपरेटरांनी फोनवरचा निरोप सांगावा तसं वाचलं. “वर्ग एक तास आधी सोडला. अनुदान कार्यालयात गेले. साहेबांनी मूळ हजेरीपट मागितला. पुढे ठेवला. म्हणाले, वाचता येईल असं काहीतरी घेऊन या. अर्ज परत.”

वहिनींनी बाईंकडे पाहिलं. दोन महिने टाइप करूनही हे त्यांच्या कानावर आलं नव्हतं.

“कोणते साहेब?” साहेबांनी विचारलं. “इथे आम्ही तिघं आहोत.”

“नाव नाही लिहिलेलं.” ऑपरेटरांचं बोट शेवटच्या ओळीवरून गेलं. “‘नाव विचारायचं राहिलं. वळले की खुर्ची करकरते.’ एवढंच आहे.”

बाई ताठ बसल्या होत्या, हात मांडीवर, तोंड टेबलाकडे.

शिक्का साहेबांच्या मागच्या कपाटावर होता. बराच वेळ ते जागचे हलले नाहीत. मग वळले, आणि खुर्ची करकरली.